भिंगरीचा पट्टा

त्या दिवसांत पाऊस यायचं काहीच कारण नव्हतं. पण तो आला, आणि माणसं गाढ झोपेत असताना, भल्या पहाटे आला. वीटभट्टीच्या उघड्या मैदानात कच्च्या विटा ओळीनं वाळत ठेवलेल्या होत्या. भट्टीत जाऊन भाजेपर्यंत वीट ही नुसती मातीच असते, पाणी लागलं की पुन्हा चिखल व्हायला तिला वेळ लागत नाही. मुकादमानं पत्र्यावर काठी बडवायला सुरुवात केली. मजुरांच्या खोल्यांची दारं धडाधड उघडली आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन तो धावला. कुणी प्लास्टिकचा कागद घेतला, कुणी पोती, एकीनं तर अंगावरची चादरच ओढून नेली.

"भिंगरे, ऊठ! कागदाचं दुसरं टोक धर!"

पोरीचं शाळेत लावलेलं नाव वेगळं होतं, पण ते शाळेतच राहायचं. पाय फुटल्यापासून ती एका जागी बसली नाही, म्हणून भिंगरी. ती उठली ती पळतच सुटली. विटांच्या दोन ओळींमध्ये पाऊल मावेल एवढीच वाट होती आणि तिचं आता लोणी झालं होतं. आई एका टोकाला, पोरगी दुसऱ्या टोकाला, मध्ये फडफडणारा कागद. निम्म्या वाटेवर भिंगरीचा पाय सरकला, अंगाखाली दुमडला आणि ती त्याच्यावरच बसली.

"आई, पाय मुरगळला गं," ती म्हणाली. कागदाचं टोक मात्र तिनं सोडलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा निम्म्याहून जास्त विटांचा नुसता रबरबाट झाला होता. मुकादम चिखलात काठी खुपसत फिरत होता आणि ज्याच्या ओळीपाशी थांबे त्याला सांगत होता, मोडलेली वीट पुन्हा पाडायची, हंगाम संपायच्या आत, रडगाणं नको. लोक ऐकून घेत होते. पावसाला शिव्या देता येत नव्हत्या आणि मुकादमाला तर नव्हत्याच.

खोलीत भिंगरीचा बाप पोरीचा घोटा मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत होता. भट्टीवर त्याला सगळे साचेवाला म्हणत. त्याच्या बोटांची कातडी मातीनं अशी झाली होती की त्यांना ऊन आणि गार यातला फरक उशिरा कळायचा.

"हाड नाही मोडलं," तो म्हणाला. "मोडलं असतं तर हिनं सगळी आळी उठवली असती."

"आळी उठलेलीच होती की," भिंगरी म्हणाली आणि पाय दुखत असतानाही हसली.

आईला हसू आलं नाही. पोरीला अंथरुणातून तिनंच ओढून काढलं होतं. एक टोक एखाद्या दगडाखाली दाबलं असतं तर चाललं नसतं का, हे तिच्या मनात घोळत राहिलं.

पोरीच्या मनगटावर काळा पट्टा होता. सगळी अडचण आता त्या पट्ट्याची होती.

खेळाचे नवे सर आले तेव्हापासून शाळेतला खेळाचा तास बदलला होता. आधी त्या तासाला मुलं मैदान झाडायची आणि मग रांगेत बसून राहायची. नव्या सरांनी शिट्टी आणली, शंकू मांडले, आणि कुठल्या तरी योजनेतून हे पट्टे मिळवले. पट्टा मनगटाला बांधला की नाडी ऐकतो, दिवसभराची हालचाल धरून ठेवतो. त्याच्या काचेवर एक करडं कडं असतं. अंगाला पुरेसा व्यायाम झाला की ते भरत भरत हिरवं होतं. सरांच्या हातात पाटीएवढा टॅब, त्यावर सगळ्या मुलांची काळजं रांगेनं धडधडताना दिसायची. पळून आल्यावर ज्याचा ठोका लवकर खाली येतो त्याचं शरीर चांगलं, असं सर सांगत. मैदानाला फेरी मारून इतर मुलं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत, तेव्हा भिंगरी गप्पा मारत उभी असायची. सरांनी तिचा पट्टा दोनदा बदलून पाहिला. पट्टा बरोबर होता.

मग सरांनी क्रीडाशाळेचं सांगितलं. राहायचं तिथंच, जेवायचं तिथंच, आणि वर्षभर एकाच बाकावर शिकायचं. भट्टीवरच्या मुलांना हे शेवटचंच नवलाचं होतं. हंगाम संपला की भट्टी विझते आणि माणसं दुसरीकडे जातात. भिंगरीनं एक इयत्ता दोन गावांत अर्धी अर्धी काढली होती, आणि दोन्हीकडे पुस्तकाचा पहिला अर्धाच भाग तिच्या वाट्याला आला होता. निवड एकीचीच व्हायची होती. शाळेला आता आठवड्याची सुट्टी लागली होती. सुट्टीत पट्टे हातातच ठेवायचे, अंग सुस्त पडू द्यायचं नाही, शाळा उघडली की सर पट्टे वाचणार आणि ठरवणार.

"काढून ठेवू नका," सरांनी बजावलं होतं. "काढला की यात दिसतं."

आणि आता भिंगरीचा घोटा नारळाएवढा सुजला होता.

"कडं करडंच राहणार," ती पट्ट्याकडे बघत म्हणाली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर म्हणतील सुट्टीत झोपा काढल्या."

"पळून काय होतं एवढं?" बाप म्हणाला. "आपण काय आयुष्यभर बसून राहिलोय?"

पण तो पोरीच्या तोंडाकडे बघत नव्हता, म्हणजे त्यालाही वाईट वाटलं होतं.

आईनं हात पुढं केला. "आण इकडे."

"काय?"

"पट्टा. मी घालते. मी काय बसून असते का दिवसभर? भरेल तुझं कडं. तू पाय वर करून पड."

"सरांनी सांगितलंय, ज्याचा त्यानंच घालायचा."

"यंत्राला काय कळतंय, मनगट माझं का तुझं? हललं की मोजायचं, एवढंच त्याला ठाऊक."

भिंगरी बापाकडे बघायला लागली. बाप साचा धुवायला बाहेर गेला. त्याच्या परीनं ही परवानगीच होती.

भट्टीवर माणूस एकटा कामाला लागत नाही, जोडी लागते. नवरा साचा मारतो, बायको खड्ड्यातला गारा, म्हणजे विटांसाठी कालवलेला चिखल, तुडवते, घमेल्यानं वाहून आणते, त्याच्या हाताशी टाकते. एकानं अंथरूण धरलं की दुसरा रिकामा. राहायची खोलीही जोडीचीच असते. मागच्या हंगामात कोपऱ्यातल्या खोलीतली बाई छातीला हात लावून घमेल्यासकट खाली बसली आणि चार दिवस उठली नाही. पाचव्या दिवशी मुकादमानं त्यांची भांडी दाराबाहेर ठेवली. अगदी नीट ठेवली, एकही फोडलं नाही. संध्याकाळी त्या खोलीत नवी जोडी आली.

भिंगरीच्या आईनं पट्टा मनगटावर घट्ट आवळला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

पावसानं मोडलेलं काम पुरं करायचं म्हणून मुकादमानं काळोखातच कामाला लावायचा नेम धरला होता. गारा पहाटे इतका गार असायचा की पोटऱ्यांपर्यंत पाय बधिर व्हायचे. तुडवून झाला की घमेलं भरायचं, गुडघ्यावर घ्यायचं, गुडघ्यावरून छातीवर, छातीवरून डोक्यावर. छातीवर टेकायचं तेवढा क्षण तिला अलीकडे जड जायचा. आत काहीतरी पायरी चुकल्यासारखं व्हायचं. मग ती घमेलं डोक्यावर घेऊन थोडी थांबायची, वारा खात असल्यासारखी. ओझं डोक्यावर घेऊन वारा कोण खातं? पण कुणी विचारलं नव्हतं.

शेजारच्या ओळीत काम करणारी बाई सकाळी तोंड उघडायची ते झोपेतच मिटायची, म्हणून तिला रेडिओ म्हणत. तिची नजर पहिल्याच दिवशी पट्ट्यावर गेली.

"हे गं काय? नवऱ्यानं घड्याळ घेतलं?"

"शाळेचं आहे. पोरीचं."

"मग किती वाजले सांग की."

"वेळ नाही सांगत ते. किती काम झालं ते सांगतं."

रेडिओनं घमेलं खालीच ठेवलं. "अगं बाई! मुकादमाला नको दाखवू हं. सगळ्यांच्या गळ्यात एकेक बांधेल मेला."

खड्ड्यातल्या सगळ्या बायका हसल्या. भिंगरीची आईसुद्धा हसली, आणि हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता खड्ड्याच्या काठाला धरून उभी राहिली.

पण एक गोष्ट तिला फार आवडली होती. सकाळची न्याहारी व्हायच्या आतच पट्ट्यावरचं कडं हिरवंगार व्हायचं. आयुष्यात तिच्या कामाला कुणी बरं म्हटलं नव्हतं. वीट चांगली झाली तर साचेवाल्याची, वाईट झाली तर गारा नीट तुडवला नाही म्हणून तिची. आणि हे इवलंसं यंत्र मनगटावर थरथरून तिला शाबासकी देत होतं. संध्याकाळी ती भिंगरीपुढे हात धरायची.

"बघ. भरलं का नाही तुझं?"

"तुझं तर दोनदा भरलं असतं," भिंगरी म्हणायची आणि पाय वर करून तशीच पडून राहायची. तिची सूज उतरत होती.

काढला की यंत्रात दिसतं, म्हणून आईनं पट्टा झोपतानाही काढला नाही.

शाळा उघडली. भिंगरी पट्टा स्वच्छ पुसून घेऊन गेली, चालत गेली, न लंगडता. आणि दुपारी निरोप आला की आईला घेऊन ये.

आईला वाटलं, निवड झाली. हात कोपरापर्यंत धुऊन, डोक्याला नवं फडकं बांधून ती शाळेत गेली. नखांतली माती तेवढी निघाली नव्हती. मुख्याध्यापिकेच्या, मोठ्या बाईंच्या खोलीच्या दाराशी तिनं चपला काढल्या आणि उंबऱ्याशीच उभी राहिली. भिंगरीला सरांनी बाहेरच्या पायऱ्यांवर बसायला सांगितलं. मोठ्या बाई टेबलामागे होत्या. खेळाचे सर टॅब घेऊन खिडकीपाशी उभे होते. वयानं लहानच होते, आणि सकाळपासून त्यांनी टॅबवरून नजर काढली नसावी असं त्यांच्याकडे बघून वाटलं.

"ताई, बसा," सर म्हणाले. ती बसली नाही. खुर्चीला माती लागली असती.

"मुलीला कधी चक्कर येते का?"

"नाही."

"पहाटे उठून काही जड उचलते का ती? हे बघा, उजाडायच्या आधीच ठोका चढायला लागतो, आणि चढला की खाली येतच नाही. मध्येच एखादा गळतो. मग दोन एकदम येतात, धक्का दिल्यासारखे." सरांनी टॅब तिच्यापुढे धरला. काचेवर एक रेघ होती. उभी आडवी, मध्येच तुटल्यासारखी, पुन्हा उसळलेली. "उचलताना, इथं छातीशी काहीतरी होतंय. असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही."

ती रेघेकडे बघत राहिली.

"रात्री झोपेतून उठून बसते का? आडवं पडलं की श्वास पुरत नाही, असं म्हणते का? रोज रात्री एकाच सुमाराला ती उठलेली आहे. बराच वेळ."

न्हाणीचं दार कुणी अचानक उघडावं तसं तिला झालं. रोज रात्री भिंतीला पाठ लावून कोण बसतं, नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून तोंडात फडकं धरून कोण श्वास घेतं, हे तिनं देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि हा लहान वयाचा माणूस ते काचेवर बोट ठेवून वाचत होता.

"पावसात भिजलाय तो पट्टा," ती म्हणाली. "बिघडला असेल."

"पाण्यानं नाही बिघडत. ताई, मला तिला पुढे पाठवायचं होतं. माझ्या मनात दुसरं नावच नव्हतं. पण असं असताना मी तिला पळवू शकत नाही. आजपासून मैदानातही नाही."

"उद्या पोरगी मैदानात कोसळली तर आम्ही कुणाला तोंड दाखवायचं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तिचं नाव आम्ही काढतोय. दवाखान्यात दाखवा तिला."

बाहेर मुलांचा कवायतीचा आवाज येत होता. भिंगरीच्या आईनं खिडकीतून पायऱ्यांकडे पाहिलं. पोरगी पाय लांब करून घोटा गोल गोल फिरवत होती, मोकळा करत होती.

"तो पट्टा तिच्या हातात नव्हता," ती म्हणाली. "माझ्या होता. आठवडाभर."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे फसवलंत आम्हाला."

"हो."

"एवढं महागाचं यंत्र, आणि ते तुम्ही चिखलात नेलंत?"

टेबलावर पट्टा पडलेला होता. भिंगरीनं इतका पुसूनही बक्कलच्या खाचेत माती राहिलीच होती. आई पुढं झाली आणि नखानं ती माती खरवडायला लागली. सरांनी तिच्या हातून पट्टा हळूच काढून घेतला.

"तिचा पाय मुरगळला होता," ती म्हणाली. "माझ्यामुळं. तिची काही चूक नाही."

सरांनी टॅब टेबलावर ठेवला. मग ते मोठ्या बाईंना म्हणाले, "आठवड्याची नोंद बाद करू. उद्या सकाळी माझ्यासमोर पळू दे तिला, दुसरा पट्टा बांधून. तिचा मूळचा ठोका मला माहीत आहे."

मोठ्या बाईंनी हातानंच, करा काय ते, अशी खूण केली. सर आईबरोबर दारापर्यंत आले.

"ताई, तुम्ही स्वतः दवाखान्यात जा. उशीर करू नका. ओझं उचलणं आधी बंद करा."

"सर, पाया पडते, भट्टीवर कळू देऊ नका. आमची जोडी आहे."

"जोडी म्हणजे?"

तिनं सांगितलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या भांड्यांचंही सांगितलं. चपला घालून ती निघाली. फाटकाशी तिनं मागं वळून पाहिलं, तर सर पायऱ्यांवर भिंगरीजवळ बसले होते आणि खालच्या आवाजात तिला काही सांगत होते. उद्या कसं पळायचं ते सांगत असतील, असं तिला वाटलं.

संध्याकाळी भिंगरी गप्प होती. आईला बरं वाटलं. मोठ्या कामाआधी माणूस गप्प होतंच.

दुसऱ्या दिवशी आईला जाग आली तेव्हा पोरीचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. लवकर गेली, शहाणी पोर. आईनं चुंबळ घेतली. अंग मोडून आलं होतं, तरी खड्ड्याकडे जाताना तिला आज हलकं वाटत होतं. धुक्यातून साच्याचा आवाज येत होता, म्हणजे नवराही तिच्या आधी कामाला लागला होता. पण गारा आणायला ती इथं, मग साचा चाललाय कशावर?

"ये ये," धुक्यातून रेडिओ बोलली. "तुझी रजा मंजूर झालीय."

खड्ड्यात भिंगरी होती. कपडे गुडघ्यांच्या वर खोवून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून गारा तुडवत होती.

"तू इथं काय करतेस?" आई खड्ड्याच्या काठावर बसली. "पळायला जायचंय ना?"

"नाही जायचं."

"पाय दुखतो?"

"पाय बरा आहे."

"मग?"

भिंगरीनं बापाकडे पाहिलं. तो लांब होता, पाठमोरा. ती पुढं आली आणि खाली बघत म्हणाली, "सरांनी सांगितलं मला. घरात एकाला तरी ठाऊक असावं म्हणाले."

"सर खुळे आहेत. यंत्र आहे ते. काहीही दाखवतं."

"मी रात्री ऐकायचे, आई. मला वाटायचं तू रडतेस. म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायचे."

धुकं विरत चाललं होतं. शाळेच्या मैदानात सर शंकू मांडत असतील.

"माझं मी बघीन," आई म्हणाली. "तू जा. अजून वेळ आहे. पळत गेलीस तर पोचशील."

"गेले तर बाबांना सगळं सांगून जाईन."

"सांग."

भिंगरीनं मान वर केली. आई असं म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं.

"सांगते. ते तुला घमेलं उचलू देणार नाहीत, आणि मग तुम्ही दोघं राहाल कुठं?"

आईनं भट्टीकडे पाहिलं, खोल्यांच्या रांगेकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं.

"गारा!" साचेवाल्याची हाक आली. मग बायको दिसली तसा तो मोठ्यानं म्हणाला, "अगं, ही तर तुझ्यापेक्षा बरा तुडवते! एकही खडा नाही. म्हणाली आजपासून हंगाम संपेपर्यंत येते. पळायचं खूळ गेलं वाटतं डोक्यातून. एका परीनं बरंच झालं, नाही का?"

त्याच्या तोंडावर समाधान होतं. पुष्कळ दिवसांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

भिंगरीनं घमेलं भरलं होतं. ते गुडघ्यावर घेताना तिचा तोल जात होता. आईनं पुढं होऊन तिला थांबवलं. आपल्या डोक्यावरची चुंबळ काढली, पोरीच्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली.

"मान ताठ ठेव," ती म्हणाली. "खाली बघायचं नाही. छातीवर टेकवू नकोस, गुडघ्यावरून सरळ वर घे. श्वास सोडून उचल."

दोघींनी मिळून घमेलं वर चढवलं. भिंगरी क्षणभर डगमगली, मग स्थिर झाली, आणि बापाच्या दिशेनं झपाझप निघाली.

"पळू नकोस," आई मागून म्हणाली. "भरलं घमेलं घेऊन पळायचं नसतं."